शॉप फ्लोअरचं नेटवर्क सारखं जातं-येतं? केबल उपसण्याआधी घड्याळ बघा

"साहेब, नेटवर्क परत गेलं होतं. आता आलंय."

भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यातून मला असे फोन नेहमी येतात. नेटवर्क कायमचं गेलं असेल तर अर्ध्या तासात दोष सापडतो. जाऊन-येऊन असलेलं मात्र महिनोन् महिने छळतं, कारण आपण पोचेपर्यंत सगळं सुरळीत चालू झालेलं असतं आणि ऑपरेटर आपल्याकडे बघून हसत असतो.

मी धरून चाललोय तो सेटअप असा: ऑफिसात सर्व्हर आणि ईआरपी (कारखान्याच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर), दोन-तीन शेड, प्रत्येक शेडच्या भिंतीवर एक छोटा रॅक, त्यात स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा), त्यातून सीएनसी-व्हीएमसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी) मशीन, क्यूसीचं (तपासणीचं) टेबल, स्टोअर आणि डिस्पॅचला गेलेल्या केबल. हे सगळं कधीच एका दमात बसवलेलं नसतं. जुन्या वाड्याला खोल्या जोडत जावं तसं ते वाढलेलं असतं आणि पहिली केबल कोणी ओढली ते आता कोणालाच सांगता येत नाही.

लक्षणं

- एका शेडमध्ये ईआरपीची स्क्रीन अडकते, जॉब कार्डची एंट्री होत नाही. दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुरू होतं.
- मशीनला प्रोग्रॅम पाठवताना ट्रान्स्फर अर्ध्यात तुटतं.
- डिस्पॅचचा लेबल प्रिंटर ऑफलाइन दिसतो, बंद करून चालू केला की चालतो.
- एखाद्या पीसीला 169.254 ने सुरू होणारा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता मिळतो.
- रॅकमधल्या स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्खा कारखाना थांबतो.
- कॅमेरे दिवसभर ठीक चालतात, अंधार पडला की बंद-चालू व्हायला लागतात.

दुसऱ्या लक्षणाबाबत एक गोष्ट आत्ताच सांगतो, बाकीचं थांबू शकतं. ट्रान्स्फर तुटलं असेल तर मशीनच्या मेमरीत अर्धा प्रोग्रॅम बसलेला असू शकतो. सायकल स्टार्ट दाबण्याआधी शेवटपर्यंत स्क्रोल करून एम 30 (प्रोग्रॅम संपल्याचा कोड) आणि टक्क्याचं चिन्ह आहे का ते बघा. नसेल तर तो प्रोग्रॅम पुसा आणि पुन्हा पाठवा. टूल आणि जॉब दोन्ही नेटवर्कपेक्षा महाग आहेत.

पहिली तपासणी: वही आणि पेन

खर्च शून्य, आणि तरीही ही तपासणी कोणी करत नाही. रॅकजवळ एक वही टांगा. नेटवर्क गेलं की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता गेलं, किती वेळ गेलं, आणखी कोणाचं गेलं, त्या वेळी शेडमध्ये काय चालू किंवा बंद झालं. निदान दोन दिवस, तिन्ही शिफ्ट. लिहिण्याचं काम सुपरवायझरला देऊ नका, ज्याचं काम अडतं त्यालाच द्या.

यातला "किती वेळ गेलं" हा रकाना सर्वांत बोलका. क्षणभर जाऊन लगेच आलं, तर संशय कनेक्टरवर किंवा विजेच्या गोंगाटावर. साधारण 30 सेकंद गेलं, तर मॅनेज्ड स्विचचा (ज्यात लॉगिन करून सेटिंग करता येतं अशा स्विचचा) स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचा गोल होऊ न देणारी सोय, रस्ते पुन्हा ठरवत बसलाय: त्याच्या जुन्या पद्धतीत ऐकण्याचे 15 आणि शिकण्याचे 15 सेकंद जातात. एक-दोन मिनिटं गेलं, तर मोठा स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झालाय, त्याला उठायला तेवढा वेळ लागतोच. आणि कोणीतरी काहीतरी उपटेपर्यंत आलंच नाही, तर लूप (केबलचा गोल) किंवा पत्त्यांचं भांडण. वही नसेल तर या चारही गोष्टी "नेटवर्क गेलं होतं" या एकाच वाक्यात गाडल्या जातात.

सोबत अडलेल्या शेडमधल्या पीसीवरून तीन पिंग ("आहेस का?" असं विचारून उत्तराची वाट बघणारी कमांड) सलग चालू ठेवा: एक त्याच शेडच्या स्विचला (त्याला पत्ता असेल तर), एक सर्व्हरला, एक बाहेर 8.8.8.8 ला (हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर). फक्त तिसरा तुटत असेल तर तुमचं नेटवर्क ठीक आहे, इंटरनेटवाल्याला फोन करा आणि पुढचं वाचू नका. दुसरा तुटतो आणि पहिला चालतो, तर दोष शेड आणि ऑफिस यांच्या मधे. पहिलाच तुटतो, तर दोष तुमच्यापासून हाताच्या अंतरावर आहे.

दुसरी: स्विचला वीज कुठून येते?

रॅक उघडा आणि अ‍ॅडॉप्टरच्या वायरीच्या मागे मागे जा. शेवटी कुठे पोचता ते बघा. मी एका शेडमध्ये रोज सकाळी दहाच्या सुमारास नेटवर्क जातं म्हणून चार दिवस केबल तपासत होतो. पाचव्या दिवशी दहाला पाच मिनिटं असताना स्टूल टाकून रॅकसमोर बसलो. हाउसकीपिंगच्या मावशी आल्या, एक्स्टेंशन बोर्डातला प्लग काढला, चहाची किटली लावली, पाणी उकळलं, किटली काढली, प्लग परत लावला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चहा घेणार का?" घेतला. त्यांची काय चूक? बोर्डावर कोणीच काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून स्विचला स्वतंत्र सॉकेट, छोटा यूपीएस आणि वर ठळक अक्षरांत "काढू नये" ही चिठ्ठी. मॅनेज्ड स्विच असेल तर लॉगिन करून तो किती वेळ सलग चालू आहे ते बघा. वहीत काल दुपारी तीनची नोंद आहे आणि स्विच म्हणतोय 20 तासच चालू आहे, तर वजाबाकी करा. केबलला हात लावायची गरजच नाही.

अ‍ॅडॉप्टर हाताला चटका देतोय का? रॅकचा पंखा फिरतोय का, की त्यावर तेलकट धुळीचा गालिचा बसलाय? ऑफिसात वापरायच्या स्विचवर बहुधा 0 ते 40 अंश असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, बंद लोखंडी डब्यात, छताला लागून बसवलेला स्विच दुपारी त्या मर्यादेबाहेर जाणारच. फक्त दुपारी दोन ते पाच नोंदी पडत असतील तर रॅक खाली घ्या किंवा इंडस्ट्रियल स्विच बसवा.

तिसरी: कनेक्टर

माझ्या कामातले निम्म्याहून जास्त दोष इथेच मिटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

मशीनच्या पाठीमागचा कनेक्टर बाहेर काढा आणि उजेडात धरा. नुसतं हलवून "बसलाय की" म्हणू नका. क्लिप तुटलेली असते आणि कोणीतरी काळ्या टेपचे तीन वेढे मारून तो जागेवर ठेवलेला असतो. टेप सोडवली की आत कूलंटचा पिवळसर चिकट थर दिसतो. सोनेरी पट्ट्यांपैकी एक-दोन काळपट किंवा हिरवट पडलेल्या असतात. शिफ्ट संपताना ऑपरेटर एअर गनने मशीन साफ करतो, तेव्हा कूलंट आणि बारीक चिप्स बरोबर या फटीत जातात. मग व्हीएमसीचं टेबल जोरात पुढेमागे झालं की कंपनाने संपर्क सुटतो आणि पुन्हा जुळतो.

आधी पॅच कॉर्ड (मशीन किंवा पीसीला जोडणारी छोटी केबल) बदला. चांगली, कारखान्यात तयार झालेली पॅच कॉर्ड लावून एक शिफ्ट बघा. फरक पडला तर जुनी कॉर्ड कापून टाका. "असू दे, कधी लागली तर" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलेली खराब कॉर्ड सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनला लागते, हा माझा अनुभव.

हाताने क्रिम्प केलेला (पकडीने दाबून बसवलेला) कनेक्टर असेल तर रंग मोजा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. इथे एक फसगत आहे. काही जण दोन्हीकडे केशरी जोडी, मग निळी, मग हिरवी असा "सोपा" क्रम लावतात. स्वस्तातला टेस्टर अशा केबलला आठही दिवे एकामागून एक लावून पास करतो, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो. पण 3 आणि 6 नंबरच्या पिनांवर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा आलेल्या असतात. पीळ घातलेली जोडी एकमेकींतला गोंगाट खोडून काढते. जोडीच मोडली तर खोडणार कोण? दोन मीटरला चालून जातं, 40 मीटरला डेटाची पाकिटं गळायला लागतात. पिळाबद्दल आणखी एक: कनेक्टरच्या तोंडाशी तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

केबल कसली आहे तेही इथेच कळतं. तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. दोन-चारदा वाकवलं की तुटतं, आणि रोध जास्त असल्यामुळे लांबवर वीज पोचवताना व्होल्टेज पडतो. अंधार पडला की कॅमेरे बंद-चालू होण्याचं कारण बहुतेकदा हेच. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट मागतो, केबल तो देऊ शकत नाही. कॅमेरा बदलून काही होत नाही, केबल बदलावी लागते.

चौथी: स्पीड काय दाखवतंय?

पीसीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 1 गिगाबिटऐवजी 100 मेगाबिट दिसतंय का? गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोन पुरतात. एक जोडी सुटली की लिंक गुपचूप 100 वर उतरते आणि "जरा स्लो आहे" एवढीच तक्रार येते. पुन्हा कनेक्टरकडे जा. मात्र बऱ्याच सीएनसी कंट्रोलचं पोर्टच 100 चं असतं, तिथे 100 दिसणं बरोबर आहे. उगाच मशीनवाल्याशी भांडू नका.

जुन्या मशीनच्या बाबतीत एका बाजूला "ऑटो" आणि दुसऱ्या बाजूला हाताने "100 फुल" ठेवलंय का ते बघा. तसं असेल तर ऑटोवालं टोक समजूत काढता न आल्याने हाफ डुप्लेक्स (एका वेळी फक्त पाठवणं किंवा फक्त घेणं) धरतं. पिंग व्यवस्थित चालतो, मोठी फाइल पाठवली की कोलमडतं. दोन्ही ऑटो ठेवा, किंवा दोन्ही हाताने सारखं.

पाचवी: लूप

सगळे दिवे एका लयीत लुकलुकत असतील तर हाच दोष. एखाद्या टेबलाखाली केबलचं एक टोक लोंबत असतं. झाडताना कोणीतरी भलेपणाने ते उचलून जवळच्या रिकाम्या पोर्टमध्ये खुपसतो. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आधीपासून असतं. झालं, गोल पूर्ण. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून सोडलेली) पाकिटं त्यात फिरत राहतात, वाढत राहतात आणि काही सेकंदांत शेड 3 मधल्या चुकीने शेड 1 झोपतं.

शोधायचं कसं? मुख्य रॅकमधून शेडच्या केबल एकेक करून काढा. जी काढल्यावर बाकीचे शांत होतात, त्या शेडमध्ये जा आणि तिथल्या स्विचवर हेच करा. काढण्याआधी प्रत्येक केबलला नंबरची चिठ्ठी लावा, नाहीतर एक दोष मिटवताना दुसरा बसवाल. आणि एखाद्या केबलवरून प्रोग्रॅम मशीनमध्ये भरला जातोय का, ते आधी विचारा.

हे टाळायला स्पॅनिंग ट्री असतो. रेडिया पर्लमन या बाईंनी 1985 मध्ये तो शोधला, आणि 1,200 रुपयांच्या साध्या स्विचमध्ये तो आजही नसतो. शेडच्या रॅकमध्ये तरी मॅनेज्ड स्विच घ्या, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो. प्रत्येक मालक पहिल्या लूपनंतरच ऐकतो.

सहावी: पत्त्यांचं भांडण

169.254 दिसलं म्हणजे पीसीने पत्ता मागितला आणि कोणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. एकाच पीसीला असेल तर केबल बघा, सगळ्यांना असेल तर पत्ते वाटणारा राउटर किंवा सर्व्हर बघा.

याच्या उलट प्रकार जास्त त्रासाचा. क्यूसीमधल्या कोणीतरी मोबाइलला रेंज यावी म्हणून घरचा वायफाय राउटर आणून लावलेला असतो. तोही पत्ते वाटायला लागतो. ज्या पीसीला त्याचा पत्ता मिळेल तो ईआरपीला मुकतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची पाळी. बंद पडलेल्या पीसीवर गेटवेचा (बाहेर जाण्याच्या दाराचा, म्हणजे राउटरचा) पत्ता वाचा. तुमचा नसलेला निघाला तर तो ब्राउझरमध्ये टाका, बहुधा राउटरचं लॉगिन पानच समोर येतं.

मशीन, प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र यांना पक्के पत्ते द्या आणि ते आपोआप वाटायच्या यादीतून वगळा. प्रिंटरला 192.168.1.50 हाताने दिलाय आणि राउटर तोच एखाद्या लॅपटॉपला देतोय, ही गोष्ट मी इतक्यांदा पाहिलीय की आता पहिल्यांदा एक्सेलची यादीच मागतो. यादी नसतेच.

सातवी: केबल कुठून गेलीय?

आता शिडी लागेल. वहीत "वेल्डिंग सुरू होतं", "क्रेन चालू होती", "मोठा ब्लोअर लागला" अशा नोंदी पुन्हा पुन्हा येत असतील तरच इथे या.

तांब्याच्या केबलला एकूण 100 मीटरची मर्यादा आहे: भिंतीतली कायमची 90 आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून 10. शेडची लांबी 80 मीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केबल वर चढते, वळसा घालते, खाली उतरते. चांगल्या केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात, दोन्ही टोकांचे वाचून वजाबाकी करा.

मग रस्ता. मोटरच्या ड्राइव्हकडून (वेग बदलणाऱ्या यंत्राकडून) निघालेली पॉवर केबल आणि आपली केबल एकाच ट्रेमध्ये गळ्यात गळा घालून 30 मीटर गेलेल्या असतात. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज चालू-बंद करतो, त्याचा गोंगाट शेजारच्या तारेत उतरतो. मी किमान एक फूट अंतर ठेवतो, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. मॅनेज्ड स्विचवर त्या पोर्टचा सीआरसी एररचा (बिघडून पोचलेल्या पाकिटांचा) आकडा शून्य करा आणि शिफ्टनंतर वाचा. ब्लोअर बंद असताना शून्य आणि चालू असताना शेकड्यांनी वाढला, तर आणखी पुरावा नको. शिल्डेड केबल टाकायची तर कनेक्टरही धातूचा आणि शिल्ड अर्थला नीट जोडलेली हवी. नुसतं शिल्डेड केबल आणून प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये क्रिम्प करणं म्हणजे रेनकोट पिशवीत ठेवून पावसात फिरणं.

दोन शेडच्या मधे तांबं असेल तर ते काढाच. दोन्ही शेडचे अर्थ वेगळे असतात, त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक आपल्या केबलवर येऊ शकतो, आणि जूनच्या पहिल्या गडगडाटात दोन्हीकडचे पोर्ट एकदम जातात. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही, हे तिचं खरं मोल. वेग त्यानंतर.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी स्वतः करू नका. मी पण करत नाही, त्या त्या माणसाला बोलावतो.

मशीनचा इलेक्ट्रिकल पॅनल उघडायचा असेल तर मशीन कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. पॅनलच्या दाराबाहेरचं पोर्ट आपलं, आतलं त्याचं. स्विचच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक आहे किंवा रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तर काम तिथेच सोडा आणि लायसन्सधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. फायबरचं टोक डोळ्यासमोर धरून "लाइट येतोय का" बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. तुटलेल्या फायबरला स्प्लाइस मशीन आणि पॉवर मीटर असलेला माणूसच लागतो. क्रेनच्या उंचीवरचं कामही तसंच: क्रेनला लॉक आणि अंगावर हार्नेस नसेल तर शिडी लावूच नका.

आणि एक: वरच्या सातही तपासण्या झाल्या, दोष नाही, पण जुन्या विंडोज असलेल्या एखाद्या मशीनच्या पीसीतून रात्रंदिवस डेटा वाहतोय असं दिसलं, तर त्याची नेटवर्क केबल काढा, पीसी फॉरमॅट करू नका आणि सायबर सुरक्षेचं काम करणाऱ्याला बोलवा. विंडोज एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर नेहमीचे दुरुस्तीचे अपडेट बंद झाले, तरी शॉप फ्लोअरवर ते आजही भेटतं. जून 2017 मध्ये नॉटपेट्या हा संगणकं बंद पाडणारा व्हायरस आला तेव्हा जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं होतं. आपल्याकडे मशीन, ऑफिस आणि पाहुण्यांचा वायफाय एकाच सपाट नेटवर्कवर असतात, त्यांना व्हीएलॅनने (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडून) वेगळं करणं हे माहितगाराचं काम आहे.

बोलावलेल्या माणसाच्या हातात वहीची पानं, पत्त्यांची यादी आणि केबलच्या रस्त्याचं हाताने काढलेलं चित्र द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो, म्हणजे तुमचं बिलही.

फक्त त्याला गुरुवारी बोलवू नका. आपल्याकडे एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, म्हणून सगळे त्याच दिवशी बोलावतात. त्या दिवशी ड्राइव्ह बंद, वेल्डिंग बंद, क्रेन उभी आणि मावशीही सुट्टीवर. तो दिवसभर पिंग चालवतो, एकही पाकीट गळत नाही, आणि "ऑल ओके" लिहून जातो. शोधायला त्याला चालू दिवशी, वहीतल्या वेळेच्या अर्धा तास आधी बोलवा. केबल बदलायचं काम गुरुवारी ठेवा.